सहा फुटी भिंतीवरून डोकावणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन नकाशा सेवा विभाग

विषय : रस्त्यावरून टिपलेल्या ३६० अंशांच्या छायाचित्रांत आमचे घर व अंगण दिसत असल्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांना आलेली तुमची तीन उत्तरे.

महोदय/महोदया,

मी तुमचा नकाशा रोज वापरते. रस्ता शोधायला, वाहतूक बघायला, नवीन पत्त्यावर जायचे असेल तर आदल्या रात्री तिथला चौक नजरेखालून घालायला. त्यामुळे हे पत्र नकाशा नकोच म्हणणाऱ्या माणसाचे आहे, असे समजून बाजूला ठेवू नका.

आमचे घर तुमच्या नकाशात किती स्पष्ट दिसते, हे मला दोन महिन्यांपूर्वी एका गेट बनवणाऱ्यामुळे कळले. ओळख ना देख, त्याच्याकडून घरी पाकीट आले. आत गेट बदलण्याचे दरपत्रक, आणि त्यावर आमच्याच गंजलेल्या गेटचा रंगीत फोटो. आमच्याकडे माप घ्यायला कोणी आले नव्हते, तरी मापे अंदाजे बरोबर होती. फोटोच्या कोपऱ्यात तुमचे बोधचिन्ह होते.

मग मी स्वतः नकाशा उघडून बघितले. गेटचे एक वेळ सोडा. आमच्या कुंपणाची भिंत सहा फुटांची आहे. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला आतले काही दिसत नाही. भिंत त्यासाठीच बांधली. तुमच्या फोटोत मात्र भिंतीच्या माथ्यावर ठेवलेल्या कुंडीतली माती दिसते. म्हणजे तुमच्या गाडीवरचा कॅमेरा कुंडीच्याही वर होता. तिथून पुढे अख्खे अंगण, वाळत घातलेले कपडे, मागच्या दाराची साधी कडी आणि ओसरीवर खुर्चीत बसलेले माझे वडील. त्यांचा चेहरा तुमच्या यंत्राने ब्लर केला आहे, पण स्टुलावर ठेवलेला प्लास्टरमधला पाय लख्ख दिसतो. ते कोण हे गल्लीतले कोणीही सांगेल. (गल्लीच्या टोकाला भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीतल्या बाईचा चेहराही ब्लर झाला आहे. तिची काही तक्रार असेल असे वाटत नाही.)

‘सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसते तेच आम्ही दाखवतो’ असे तुमच्या पहिल्या उत्तरात लिहिले आहे. माझी मुख्य हरकत याच वाक्याला आहे. रस्ता सार्वजनिक आहे, पण रस्त्याच्या आठ फूट वरून बघणारी नजर कुठल्याही वाटसरूची नसते. हा प्रश्न मी नव्याने शोधून काढलेला नाही. जपानमध्ये याच कारणावरून ओरड झाल्यावर गुगलने २००९ साली स्ट्रीट व्ह्यूच्या (रस्त्यांचे असेच फोटो दाखवणाऱ्या त्यांच्या सेवेच्या) गाड्यांवरचे कॅमेरे ४० सेंटिमीटरने खाली आणले, २.४५ मीटरवरून २.०५ मीटरवर, आणि फोटो नव्याने काढायचे ठरवले. याच सेवेबाबत स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली आपोआप होणाऱ्या ब्लरमधल्या थोड्या चुका चालवून घेतल्या, पण कुंपणाआडची बाग किंवा अंगण, जे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही, ते परवानगीशिवाय दाखवायला मनाई केली. कॅमेऱ्याच्या उंचीला दोन मीटरची मर्यादा घातली. तुमच्या कॅमेऱ्याची उंची किती आहे, हे मी तिन्ही अर्जांत विचारले. एकदाही उत्तर नाही.

आता अर्जांचे काय झाले ते. पहिल्या अर्जात मी फोटोतल्या घरावर चौकट आखून दिली आणि कारण लिहिले. नऊ दिवसांनी ‘कार्यवाही पूर्ण’ असा ई-मेल आला. बघितले तर गेटसमोरच्या फोटोत घराच्या जागी राखाडी ठिगळ होते. बरे वाटले. सहज बाण दाबून चार पावले पुढे गेले, तर घर जसेच्या तसे, फक्त थोडे तिरके. बाजूच्या बोळातून मागचे दार दिसते, तेही तसेच. आणि तारीख बदलून तीन वर्षांपूर्वीचा फोटो उघडला, तर त्यात घराबरोबर आमच्या जुन्या गाडीचा नंबरही वाचता येतो.

अर्धवट ब्लर हा काहीच न केल्यापेक्षा वाईट आहे. सगळ्या रांगेत एकच घर झाकलेले दिसले की बघणारा आधी तिथेच थांबतो आणि मग पुढचा बाण दाबतो. जर्मनीत २०१० साली सुमारे २ लाख ४४ हजार कुटुंबांनी स्ट्रीट व्ह्यूमध्ये आपली घरे ब्लर करून घेतली, तेव्हा एसेन शहरात काही झाकलेल्या घरांवर अंडी फेकली गेली होती. झाकलेले घर डोळ्यांवर येते, हे मला मान्य आहे, आणि तो धोका मी पत्करते आहे. पण मग झाकायचे तर नीट झाका. त्याच जर्मनीत लोकांना फोटो प्रसिद्ध होण्याआधी नकार कळवायची मुदत मिळाली होती. मला कळवले गेट बनवणाऱ्याने.

दुसऱ्या अर्जाला उत्तर आले की ‘या छायाचित्रात व्यक्तीची ओळख पटेल असे काही आढळले नाही’. ते माणसाने लिहिले असेल असे मला वाटत नाही. तिसऱ्या वेळी तुम्ही घराचे वीजबिल आणि ओळखपत्राची प्रत मागितली. घर माझेच आहे याची खातरजमा करायला हवी, हे समजते. नाहीतर कोणीही उठून शेजाऱ्याचे घर पुसून टाकेल. पण फोटो काढताना तुम्ही मला काही विचारले नव्हते, आणि तो झाकायला मात्र माझ्या सहीचा कागद हवा. तोही मी पाठवला. तो कागद तुमच्याकडे किती दिवस राहणार, हेही कळवा.

माझी मागणी सरळ आहे. आमचे घर ज्या ज्या फोटोत येते, समोरचे, तिरके, बोळातले, जुन्या तारखांचे, त्या सगळ्यांत ते झाकावे, आणि गाडी पुन्हा आली तर नव्या फोटोतही. हे झाकणे कायमचे असते आणि पुढे घर विकले तरी उलटवता येत नाही, हे तुमच्या नियमांत मी वाचले आहे. घरच्यांशी बोलून होकार देत आहे. नुसता दिसणारा फोटो झाकून मूळ प्रत तशीच ठेवणार असाल तर तसे स्पष्ट लिहा. वडिलांचा फोटो मात्र झाकू नका, काढूनच टाका.

पंधरा दिवसांत नाव आणि हुद्दा असलेल्या माणसाचे उत्तर आले नाही, तर हाच पत्रव्यवहार वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी असलेल्या सरकारी यंत्रणेकडे पाठवीन.

आपली,
तुमच्या सेवेची एक ग्राहक
(नाव व पत्ता तुमच्याकडे आहेच.)

सोबत : चार स्क्रीनशॉट. त्यांतला वडिलांचा पाय आणि गाडीचा नंबर मी फोनवरच काळा केला आहे. अर्धा मिनिट लागला.