पाहुण्यांना शहराबाहेर तळ्यावर, राईत नेताना

सर्व सभासदांना नमस्कार. सुट्ट्यांमध्ये पाहुण्यांना शहराजवळच्या तळ्यावर किंवा राईत नेणार असाल, तर शक्यतो सूर्योदयाआधी पोहोचा. पहाटे वारा पडलेला असतो, रहदारी कमी असते आणि पक्षी भरभरून बोलतात ते याच वेळी. ऊन चढलं की निम्मी मजा गेली.

एका फेरीत सगळं दाखवायचा अट्टहास नको. एक जागा निवडा आणि १५-२० मिनिटं गप्प बसा. आपल्या चाहुलीने दबकलेलं रान हळूहळू मोकळं होतं. खंड्या पुन्हा त्याच फांदीवर येऊन पाण्याकडे टक लावतो, कासव डोकं वर काढतं. दहा ठिकाणं धावत पाहण्यापेक्षा हे जास्त लक्षात राहतं, असं माझं ठाम मत आहे.

स्पीकर घरीच ठेवा. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका, विशेषतः विणीच्या काळात. प्रतिस्पर्धी आला असं समजून पक्षी घरट्यापासून दूर जातो. बदकांना पावही घालू नका. त्यात पोषण फारसं नसतं, आणि उरलेला पाव पाण्यात कुजतो.

मळकट रंगाचे कपडे, बंद बूट, पिण्याचं पाणी एवढं पुरे. फळांच्या सालींसकट सगळा कचरा परत आणायचा आहे, तेव्हा एक रिकामी पिशवी जवळ असू द्या.