कोअर स्विच निकामी झाल्याचे मान्य न करता तिकीट (बिघाडाची नोंद) बंद केल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा व तांत्रिक साहाय्य विभाग

विषय : कोअर स्विचच्या जोडीतील बिघाड, बदली देण्यास दिलेला नकार आणि दुसऱ्या स्विचला असलेला तोच धोका

महोदय,

आज दुपारी तुमच्या सपोर्ट केंद्रातून फोन आला. "स्विच आता व्यवस्थित चालतोय, तिकीट बंद करतो," एवढे सांगण्यासाठी तो होता. मी संमती दिली नाही, तसे स्पष्ट शब्दांत सांगितले. तरीही फोन ठेवतो न ठेवतो तोच 'समस्येचे निराकरण झाले' असा मेल आला. निराकरण काहीही झालेले नाही. म्हणून आता सपोर्ट केंद्राला न लिहिता तुम्हाला लिहीत आहे. तुमचे उत्पादन तुम्हाला माहीत आहे असे मी धरून चालतो, कारण फोनवर भेटलेल्यांपैकी कोणालाही ते माहीत असल्याचे दिसले नाही.

आमचे कोल्हापुरातले धर्मादाय रुग्णालय. जुना एकुलता एक कोअर, म्हणजे सगळ्या रुग्णालयाचे नेटवर्क जिथे एकत्र येते तो मुख्य स्विच, काढून तुमचे दोन कोअर स्विच घेतले तेव्हा तुमचा विक्री प्रतिनिधी खरेदी समितीच्या बैठकीत हजर होता. त्याने पडद्यावर आकडे दाखवले : २४ टेन-गिग पोर्ट, ४८० गिगाबिट स्विचिंग क्षमता, सेकंदाला ३५७ दशलक्ष पॅकेट. या आकड्यांवर आम्ही खरेदी केली नाही. २४ पोर्ट गुणिले दहा, दोन्ही दिशांचे धरून दुप्पट, झाले ४८०. ६४ बाइटची पॅकेट धरली की एका टेन-गिग पोर्टला सेकंदाला १.४८८ कोटी (१४.८८ दशलक्ष) येतात, त्याला २४ ने गुणले की ३५७ दशलक्ष. २४ पोर्टचा स्विच विकणारी कुठलीही कंपनी हाच गुणाकार छापते. सीटी स्कॅनच्या प्रतिमा दिवसभर सर्व्हरवर जात राहिल्या तरी मजल्यांवरून कोअरकडे येणाऱ्या आमच्या अपलिंक निम्म्याही भरत नाहीत. आम्ही बैठकीत विचारले होते ते वेगळे : एक कोअर मेला तर दुसऱ्याला ते कळणार कसे, आणि किती वेळात?

प्रश्नाला कारण होते. जुन्या व्यवस्थेत स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये चक्र होऊ नये म्हणून जादा वाट बंद ठेवणारी पद्धत) होते, तेही १९९० च्या मूळ ८०२.१डी मानकातले. प्रत्येक मजल्यावरून दोन फायबर, त्यातली एक कायम ब्लॉक, आणि वाट बदलायची वेळ आली की तीस ते पन्नास सेकंद सगळे ठप्प. तुमच्या जोडीत दोन्ही फायबर एकाच बंडलमध्ये, म्हणजे मिळून एकच लिंक, दोन्ही वापरात, आणि एक कोअर गेला तर कोणाला कळणारही नाही, असे सांगितले गेले. त्यासाठी काय सोडावे लागते तेही आम्हाला माहीत होते. अ‍ॅक्सेस स्विचकडची (मजल्यांवरचे संगणक जोडणाऱ्या स्विचकडची) बाजू एलएसीपी या बंडल बांधण्याच्या सामाईक मानकावर चालते, तिथे कुठल्याही कंपनीचा स्विच लागतो. दोन कोअर आपसात जे बोलतात ते मात्र प्रत्येक कंपनीचे स्वतःचे. म्हणजे एकदा तुमची जोडी घेतली की अडीअडचणीला दुसऱ्या कंपनीचा स्विच तिथे उभा करता येत नाही. आमच्या एका विश्वस्तांनी नेमके हेच विचारले. उत्तर मिळाले, "म्हणून तर आम्ही चार तासांत बदली देतो."

ते चार तासांचे कलम आम्ही हट्टाने घालून घेतले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पुण्याच्या गोदामात स्विच आहे हे ऐकून अशा वेळी काय करायचे? म्हणून राखीव स्विच कोल्हापुरातच ठेवायचा असे करारात लिहिले आणि त्याचे जादा पैसे आम्ही दर वर्षी भरतो. धर्मादाय रुग्णालयाच्या तिजोरीतून जाणारा तो पैसा आहे. एखादे डायलिसिस यंत्र पुढच्या वर्षावर ढकलून आम्ही ही जोडी आणि हा करार घेतला आहे.

आता पहिला कोअर बिघडला त्या रात्रीचे. तिकिटात सगळे आहे, पण ते कोणी वाचलेले नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

पावणेदोनच्या सुमारास अपघात विभागातून फोन आला की रुग्णाची नोंदणी होते, पण सीटीच्या प्रतिमा उघडत नाहीत. शेजारच्या संगणकावर उलटे : प्रतिमा उघडतात, नोंदणीचा पडदा येत नाही. काही वॉर्डांतले आयपी फोन लागत होते, काही मुके. पहिल्या कोअरच्या कन्सोलवर गेलो. सगळे पोर्ट अप. बंडल अप. दोन कोअरमधली पीअर लिंक अप, एकमेकांना जिवंत असल्याचे कळवणारा कीपअलाइव्ह अप. एकही अलार्म नाही. पण पॅकेट मोजणारे काउंटर पाहिले तर आत येणारी पॅकेट वाढत होती आणि बाहेर जाणारी जागची हलत नव्हती. जे आत जाईल ते तिथेच मरत होते. अ‍ॅक्सेस स्विच मात्र लिंक जिवंत दिसते म्हणून निम्मी संभाषणे हॅशप्रमाणे (वाटणीच्या ठरलेल्या गणिताने) त्याच कोअरकडे पाठवत राहिले. दुसरा कोअर शेजारी धडधाकट उभा होता आणि त्याला काहीही कळले नव्हते, कारण पहिल्याचा सीपीयू 'मी आहे' असे दर सेकंदाला सांगत होता. बैठकीत आम्ही विचारलेला प्रश्न हाच होता.

तुमच्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन केला. लक्षणे सांगितली, काउंटर वाचून दाखवले. पलीकडून विचारले गेले,

"सर, स्विच पिंग होतोय का?"

"मॅनेजमेंटच्या आयपीवर होतोय."

"मग स्विच अप आहे, सर. तुमच्या सर्व्हरकडे बघा."

मी सांगितले की ती पिंग वेगळ्या तारेने मॅनेजमेंट पोर्टवर जाते आणि तिला उत्तर सीपीयू देतो. पॅकेट पुढे ढकलणारी चिप त्या वाटेत येतच नाही. सीपीयू जिवंत आहे याबद्दल माझा वाद नाही, चिप काम करत नाही ही माझी तक्रार आहे.

"हो सर, पण पिंग येतोय ना?"

रुग्णाची नाडी लागते म्हणून आमचे डॉक्टर त्याला घरी पाठवत नाहीत.

मी म्हटले, पहिल्या कोअरची वीज काढतो, लिंक पडल्या की सगळे दुसऱ्यावर जाईल. त्यावर मात्र उत्तर लगेच आले. "नको सर, पॉवर काढू नका. लॉग जातील, आणि लॉग नसतील तर बदली मंजूर होणार नाही." मग टेक-सपोर्ट फाइल (स्विचच्या स्थितीची नोंद) अपलोड करायला सांगितले. इंटरनेटची वाट त्याच कोअरमधून जाते, हे सांगून झाल्यावरही सांगितले. फाइल लॅपटॉपवर उतरवून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चढवली. वाट पाहिली. मग दुसऱ्याच माणसाचा फोन आला. आधीची नोंद त्याच्यासमोर नव्हती किंवा त्याने ती उघडली नव्हती. त्याचा पहिला प्रश्न : "सर, स्विच पिंग होतोय का?"

त्या वेळी खाली काय चालले होते ते तुम्हाला कळले पाहिजे. डोक्याला मार लागलेला रुग्ण टेबलावर होता. न्यूरोसर्जनना ओटीतल्या (शस्त्रक्रियागृहातल्या) पडद्यावर स्कॅन दिसेना, म्हणून ते ओटीच्या चपला तशाच पायात घालून दोन मजले उतरून सीटीच्या कन्सोलपाशी आले, तिथे उभे राहून प्रतिमा पाहिल्या आणि जिना चढून परत गेले. रक्तपेढीचा फोन लागत नव्हता, म्हणून क्रॉसमॅचची (रक्त जुळवून पाहण्याची) चिठ्ठी घेऊन वॉर्डबॉय पळत होता. हे मी फोनवरच्या माणसाला सांगितले. त्याचे उत्तर असे होते :

"सर, तुमचं हॉस्पिटल आहे, डेटा सेंटर नाही. थोडा वेळ तर जाणारच."

हे वाक्य मी तिथल्या तिथे लिहून ठेवले. तुमच्याकडे कॉलचे ध्वनिमुद्रण असते, ते काढा आणि स्वतः ऐका. रुग्णालयाला दोन कोअर, दोन-दोन वीजपुरवठे आणि चार तासांचा करार का लागतो, हे याच कंपनीच्या माणसाने आमच्या समितीला तासभर समजावले होते. विकताना आम्ही अत्यावश्यक सेवा होतो. बिघाड झाल्यावर आम्ही डेटा सेंटर नाही. हे लिहिताना आजही हात थरथरतो, कारण टेबलावर कोणाचा तरी मुलगा होता आणि माझ्यासमोर तुम्ही निवड ठेवली होती : पुरावा सांभाळायचा की रुग्ण.

मी फोन चालू असतानाच पहिल्या कोअरच्या दोन्ही पॉवर केबल ओढून काढल्या. लिंक पडल्या, अ‍ॅक्सेस स्विचनी बंडलमधून ती बाजू सोडली आणि काही सेकंदांत सगळे रुग्णालय दुसऱ्या कोअरवरून चालू लागले. उपाय एवढाच होता. तो मी पहिल्याच फोनवर सुचवला होता आणि तुमच्या माणसाने बदलीची भीती घालून मला थांबवले होते.

पुढचे त्याहून वाईट. तुमच्याकडून उत्तर आले : वीज काढल्यामुळे बिघाडाच्या क्षणाची चिपची स्थिती उपलब्ध नाही, म्हणून बिघाड 'सिद्ध' होत नाही, म्हणून बदली नाही. काउंटरची कन्सोलवरची नोंद मी जोडली होती, तीत वेळेसह सगळे दिसते. तिच्याबद्दल एक ओळही आली नाही. चार तासांचे विचारले तर सांगितले की ते घड्याळ तुमच्या अभियंत्याने बिघाड मान्य केल्यापासून सुरू होते. करारात 'तक्रार नोंदवल्यापासून' असे आहे, पान काढून पाहा. ज्याला बदली द्यायची आहे त्यानेच घड्याळ कधी सुरू करायचे ते ठरवायचे असेल तर चार तास लिहिले काय आणि चार महिने लिहिले काय. आणि कोल्हापुरात ठेवायचा तो राखीव स्विच? "पुण्यात आहे, सर." मग आम्ही जादा पैसे कशाचे भरत होतो?

यानंतर मी तुमच्या नंतरच्या फर्मवेअरच्या (स्विचमधल्या सॉफ्टवेअरच्या) रिलीज नोट्स वाचायला बसलो. दुरुस्त केलेल्या दोषांच्या यादीत एक नोंद आहे : स्विच दीर्घकाळ न थांबता चालू राहिल्यास हार्डवेअरच्या टेबलमध्ये नव्या नोंदी लिहिल्या जात नाहीत, पोर्ट मात्र अप दिसतात. आमचे दुखणे जसेच्या तसे. ही आवृत्ती आमच्या घटनेच्या आधी बाहेर पडलेली आहे. आमचा करार चालू, मेल तुमच्याकडे नोंदवलेला, मॉडेल आणि सिरीयल क्रमांक तुमच्याकडे. कळवले कोणी नाही. पाणीपट्टीची सूचना वेळेवर येते आणि रुग्णालयाचा कोअर कधीही मूक होऊ शकतो याची येत नाही? फोनवरच्या तीन वेगवेगळ्या माणसांपैकी एकानेही या नोंदीचा उल्लेख केला नाही. त्यांना ती ठाऊक नव्हती की सांगायची परवानगी नव्हती, हे मला लेखी हवे आहे.

आणि हे पत्र आजच लिहिण्याचे कारण सांगतो. दोन्ही कोअर आम्ही एकाच दिवशी सुरू केले होते. दोन्हींवर तीच जुनी आवृत्ती. पहिला त्या रात्री नव्याने सुरू झाला, त्याचे घड्याळ शून्यावर आले. दुसरा पहिल्या दिवसापासून अखंड चालू आहे आणि त्या रात्री तर सगळे ओझे त्याने पेलले. पहिल्याला जे झाले ते दुसऱ्याला आज रात्री होऊ शकते. जोडी घेतली ती एक पडला तर दुसरा उभा राहावा म्हणून, आणि तुम्ही दोघांनाही एकच दोष देऊन पाठवले. तरीही तुमच्या लेखी 'समस्येचे निराकरण झाले'.

तिकीट आजच पुन्हा उघडा आणि माझ्या संमतीशिवाय बंद करू नका. पहिला कोअर करारानुसार बदलून द्या. दोष आवृत्तीचा आहे, यंत्राचा नाही, असे तुमचे म्हणणे असेल तर ते सहीनिशी लिहून द्या, मग बदलीचे पाहू. दुसऱ्या कोअरवर नवी आवृत्ती चढवण्यासाठी तुमचा जाणकार अभियंता इथे, रॅकसमोर हवा. दुरून स्क्रीन शेअर करून चालणार नाही. ओटीची नियोजित कामे नसतील अशी रविवार पहाटेची वेळ मी देतो, पण ती या आठवड्यातली. राखीव स्विच कोल्हापुरात आणून ठेवा आणि कुठे ठेवला तो पत्ता कळवा. चिप थांबली तर स्विचने स्वतः आपल्या लिंक पाडाव्यात, अशी काही तपासणी तुमच्या प्रणालीत आहे का, असल्यास ती बंद का होती आणि नसल्यास जोडीचा दावा कशावर करता, याचे उत्तर तुमच्या अभियांत्रिकी विभागाकडून हवे. सपोर्ट केंद्राकडून नको. तिथून मला पुन्हा पिंगबद्दलच विचारतील.

पंधरा दिवसांत हे झाले नाही तर देखभाल कराराचा पुढचा हप्ता आम्ही रोखून धरू, राखीव स्विचपोटी आजवर भरलेली रक्कम परत मागू आणि आमच्या विधी सल्लागारांमार्फत नोटीस जाईल. नव्या इमारतीच्या नेटवर्कची निविदा याच वर्षी निघते आहे. तिच्या अटी मी लिहिणार आहे. त्यात एक चाचणी असेल : स्विच चालू, सीपीयू चालू, पोर्ट अप आणि पॅकेट पुढे जाणे बंद, अशी स्थिती आमच्यासमोर निर्माण करायची आणि जोडीतला दुसरा स्विच किती वेळात भार घेतो ते मोजून दाखवायचे. ज्या कंपनीला हे जमणार नाही तिचा लखोटा उघडला जाणार नाही, मग ती कितीही मोठी असो. जिल्ह्यातल्या इतर रुग्णालयांचे आयटी प्रमुख माझ्या ओळखीचे आहेत, त्यातल्या काहींकडे तुमचीच जोडी आहे. त्या रिलीज नोटमधली नोंद त्यांना मी आजच पाठवली आहे. ते काम तुमचे होते.

प्रमुख, नेटवर्क व माहिती तंत्रज्ञान विभाग

सोबत : कन्सोलवरील काउंटरची नोंद, कराराच्या संबंधित पानाची प्रत, रिलीज नोटमधील नोंद
प्रत : विश्वस्त मंडळ; खरेदी समिती; विधी सल्लागार