फसव्या क्रिप्टो जाहिरातीचे पैसे घेणाऱ्या कंपनीला एका पुणेकर जाहिरातदाराचं तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
समाजमाध्यम कंपनी, भारतातील कार्यालय

विषय: क्रिप्टो गुंतवणुकीची बनावट जाहिरात पैसे घेऊन दाखवल्याबद्दल आणि कळवूनही ती न काढल्याबद्दल

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी कोथरूडला राहते. घरगुती मसाले, भाजण्या आणि दिवाळीचा फराळ असा माझा छोटा व्यवसाय आहे. त्याच्या जाहिराती मी आपल्या माध्यमावर पैसे भरून देते. म्हणजे मी आपली नुसती वापरकर्ती नाही, बिल भरणारी ग्राहक आहे, आणि ही तक्रार त्याच नात्याने करते आहे.

माझे धाकटे दीर कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यांना आपल्या माध्यमावर 'प्रायोजित' अशी पाटी असलेला एक व्हिडिओ दिसला. देशातले एक नामवंत उद्योगपती स्वच्छ हिंदीत सांगत होते की क्रिप्टोच्या एका नव्या योजनेत पैसे ठेवा, महिन्याला ठरावीक परतावा मिळेल. खाली वृत्तवाहिनीसारखी पट्टी सरकत होती. ओठ आणि आवाज जुळत होते. तो व्हिडिओ डीपफेक, म्हणजे संगणकाने बनवलेल्या खोट्या चेहऱ्याचा आणि आवाजाचा होता, हे घरात कुणाच्याच लक्षात येण्यासारखं नव्हतं.

आपल्या लक्षात मात्र यायला हवं होतं. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांना स्वतः जाहीर करावं लागलं की एका ॲपची शिफारस करणारा त्यांचा व्हिडिओ खोटा आहे. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने स्वतःच्या प्रमुखांच्या बनावट व्हिडिओबद्दल इशारा दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेलाही गव्हर्नरांच्या नावाने फिरणाऱ्या अशाच व्हिडिओंबद्दल लोकांना सावध करावं लागलं. एवढं सगळं उघड झाल्यावर 'आम्हाला कल्पना नव्हती' हे उत्तर मी स्वीकारणार नाही.

ती जाहिरात देणारं पेज मी नंतर उघडून पाहिलं. पेजची माहिती आपणच तिथे दाखवता. त्यात होतं की हे पेज पूर्वी एका फर्निचरच्या दुकानाच्या नावाने चालत होतं, नाव अलीकडेच बदललं आहे आणि ते चालवणारे भारताबाहेर आहेत. फर्निचरचं पेज रातोरात गुंतवणूक सल्लागार होतं आणि परदेशातून पुण्यातल्या निवृत्त माणसांना जाहिरात दाखवतं. ही माहिती आपल्याच संगणकावर होती. ती पाहून जाहिरात अडवावी असं आपल्याकडे कुणालाच वाटलं नाही.

आता माझा अनुभव पाहा. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आपण माझं जाहिरात खातं ओळख पटवण्यासाठी थांबवलंत. पॅन, आधार, शॉप ॲक्टचा दाखला आणि अन्न परवाना मागितलात. ऐन हंगामात जाहिरात बंद राहिली तरी मी सगळी कागदपत्रं दिली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्याची चौकशी व्हायलाच हवी. पण चकलीसाठी परवाना तपासणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, तर लोकांची आयुष्यभराची पुंजी मागणाऱ्याला ती का लावली जात नाही? पुण्यात साधी खोली भाड्याने द्यायची तरी घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवावी लागते.

दिरांनी ती जाहिरात उघडल्यावर पुढे जे घडलं ते सविस्तर लिहिते, कारण 'जाहिरातीनंतरचे व्यवहार आमच्या माध्यमाबाहेर झाले' असं आपण म्हणाल याची मला कल्पना आहे. एक अर्ज उघडला, त्यात नाव आणि मोबाइल नंबर भरला. लगेच मेसेजिंग ॲपवर एका ग्रुपमध्ये त्यांना घेतलं गेलं. तिथे एक 'प्रोफेसर' रोज सकाळी बाजाराचं विश्लेषण पाठवायचे, त्यांची 'असिस्टंट' प्रत्येकाची अगत्याने विचारपूस करायची. बाकीचे सभासद नफ्याचे स्क्रीनशॉट टाकून सरांचे आभार मानायचे. पोलिसांनी आम्हाला सांगितलं की अशा ग्रुपमध्ये बहुतेक सगळे त्याच टोळीचे असतात, गिऱ्हाईक एखाददुसरंच. मग एका लिंकवरून ॲप उतरवून घ्यायला लावलं. ते प्ले स्टोअरवर नव्हतं, थेट फोनवर बसवायची एपीके फाइल होती. सुरुवातीला थोडे पैसे भरले, त्यावर नफा दिसला आणि त्यातले काही काढून बघा असं त्यांनीच सांगितलं. ते पैसे खरोखर बँकेत जमा झाले. सगळा विश्वास बसला तो इथे. पैसे परत मिळालेले पाहिल्यावर माणूस आणखी कोणता पुरावा मागणार?

त्यानंतर मोठ्या रकमा गेल्या. दर वेळी वेगळ्याच कुणाच्या चालू खात्यात पैसे भरायला सांगितलं जायचं, कधी कापडाचे व्यापारी, कधी मोबाइल दुरुस्तीवाले. अशी भाड्याने घेतलेली खाती वापरून पैसे पुढे पाठवले जातात आणि लगेच त्यांचं यूएसडीटी हे डॉलरच्या किमतीशी बांधलेलं क्रिप्टो चलन विकत घेतलं जातं. एकदा ते दुसऱ्याच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या खात्यात गेलं की चेक थांबवावा तसा तो व्यवहार थांबवता येत नाही. दिरांच्या ॲपवर मात्र रक्कम वाढतच होती. तो नुसता पडद्यावरचा आकडा होता. त्यांच्या नावाने कुठेच काही विकत घेतलेलं नव्हतं.

पैसे काढायचे म्हटल्यावर त्यांना सांगितलं गेलं की भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तो आधी भरा, मगच पैसे सुटतील. या टोळ्या किती अभ्यास करून येतात ते इथे दिसतं. ३० टक्के कर खरंच आहे, १ एप्रिल २०२२ पासून. क्रिप्टोची खरेदी-विक्री होते त्या खऱ्या एक्सचेंजवर १ टक्का टीडीएस कापला जातो, तोही १ जुलै २०२२ पासून आहे. पण टीडीएस व्यवहाराच्या रकमेतूनच वळता होतो आणि उरलेला कर माणूस स्वतः आयकर विभागाकडे भरतो. कर म्हणून कुठल्याही खासगी खात्यात आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत. खरा आकडा सांगून खोटी मागणी केली, म्हणून ती पटली. करानंतर 'मनी लाँडरिंग तपासणीची अनामत' आली, आणि तीही भरून झाल्यावर ग्रुपमधून त्यांना काढून टाकलं गेलं.

आम्ही त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. शेवटच्या हप्त्यातली काही रक्कम एका बँकेत गोठवता आली. आधीच्या रकमा क्रिप्टोत जाऊन देशाबाहेर गेल्या. नेमका आकडा पोलीस तक्रारीत आहे, इथे लिहीत नाही.

आणि यानंतर जे झालं त्याचा मला सर्वांत जास्त संताप आहे. पैसे परत कसे मिळवायचे हे दीर शोधू लागल्यावर आपल्याच माध्यमावर त्यांना नव्या जाहिराती दिसू लागल्या: 'क्रिप्टोत बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आमचे सायबर तज्ज्ञ, फक्त नोंदणी फी.' ही त्याच धंद्याची दुसरी फेरी. फसलेल्या माणसाला पुन्हा लुटायची. जावेने वेळीच त्यांच्या हातातून फोन काढून घेतला नसता तर तिथेही पैसे गेले असते. मी माझी जाहिरात देताना वय, शहर आणि आवड निवडते. तीच सोय आपण या लोकांनाही विकली आहे.

मूळ जाहिरात मी आपल्या 'रिपोर्ट' बटणावरून कळवली. दिरांनी कळवली, माझ्या मुलानेही कळवली. उत्तर आलं की ही जाहिरात आपल्या धोरणाचं उल्लंघन करत नाही. एका खोट्या चेहऱ्याने ठरावीक परताव्याचं आश्वासन देणं जर आपल्या धोरणात बसत असेल तर धोरणच तपासायला हवं. १ एप्रिल २०२२ पासून ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक संस्थेचे क्रिप्टो जाहिरातींसाठी नियम आहेत: या उत्पादनांवर नियंत्रण नाही, त्यात मोठी जोखीम आहे आणि नुकसान झाल्यास दाद मागता येईलच असं नाही, हा इशारा जाहिरातीत हवा, नफ्याची हमी देता येत नाही. या जाहिरातीत इशारा नव्हता आणि हमी होती. तपासणाऱ्याला एवढं दिसण्यासाठी काही मिनिटं पुरली असती.

पुण्याने हे एकदा भोगलं आहे. दरमहा १० टक्के, १८ महिने, असं आश्वासन देणाऱ्या गेनबिटकॉइन या क्रिप्टो योजनेच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक केली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. तेव्हा निदान योजना गळ्यात मारणारा एजंट ओळखीतला असायचा, त्याच्या दारात जाऊन जाब विचारता यायचा. आता त्या एजंटाच्या जागी आपली जाहिरात आहे, म्हणून जाब आपल्याला विचारते आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण, म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी अंगावर न येणं, हे योग्य ती काळजी घेणाऱ्या मध्यस्थाला आहे. जाहिरातीचे पैसे घ्यायचे, ती कुणाला दाखवायची ते ठरवायचं, तीन तक्रारी फेटाळायच्या आणि मग मध्यस्थ म्हणून बाजूला व्हायचं, हे मला मान्य नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. त्या पेजची, ते चालवणाऱ्यांची आणि जाहिरातीचे पैसे ज्या कार्डाने किंवा खात्यातून भरले गेले त्याची सगळी माहिती जपून ठेवा. काढून टाकलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपणं आणि तपास यंत्रणेने लेखी आदेश दिल्यावर ७२ तासांत माहिती देणं माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे आपल्यावर बंधनकारक आहे. पोलिसांचं पत्र आपल्याकडे येईल तेव्हा ते परदेशातल्या कार्यालयाकडे टोलवू नये.

दुसरं, ती जाहिरात ज्यांनी उघडली त्या प्रत्येकाला आजच कळवा की ती फसवी होती. कुणी उघडली याची नोंद आपल्याकडे आहे, कारण त्याचंच बिल आपण लावता. आज या क्षणी कुणीतरी त्या ग्रुपमध्ये बसून 'प्रोफेसर'चे मेसेज वाचत असेल, थोडे पैसे परत मिळाल्याच्या आनंदात मोठी रक्कम भरायच्या तयारीत असेल. आपला एक मेसेज त्याला थांबवू शकतो. माझ्या सगळ्या मागण्यांमध्ये मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते.

पुढच्या जाहिरातींसाठी पडताळणी लावा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२५ मध्ये स्वतःकडे नोंदणी असलेल्या संस्थांना सांगितलं की मोठ्या माध्यमांवर जाहिरात द्यायची तर सेबीकडे नोंदवलेल्या ई-मेल आणि मोबाइल नंबरवरूनच खातं पडताळून घ्या. क्रिप्टोसाठीही असा आधार उपलब्ध आहे. मार्च २०२३ पासून क्रिप्टोचे व्यवसाय मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले आणि भारतात सेवा देणाऱ्या एक्सचेंजना केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते; डिसेंबर २०२३ मध्ये नऊ परदेशी एक्सचेंजना त्यावरून नोटिसाही गेल्या. नोंदणी म्हणजे गुंतवणूक सुरक्षित असल्याचा दाखला नव्हे, पण नोंदणीच नसलेल्याची जाहिरात तरी घेऊ नका. 'बुडालेले पैसे परत मिळवून देतो' अशा जाहिराती तर पूर्ण बंद करा.

आणि क्रिप्टोच्या प्रत्येक जाहिरातीखाली मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, सूचना द्या: ठरावीक परताव्याची हमी, अनोळखी ग्रुप, लिंकवरून उतरवायचं ॲप, दर वेळी बदलणारं बँक खातं आणि पैसे काढण्यापूर्वी मागितलेला कर, यांतलं एक जरी दिसलं तरी पैसे पाठवू नका, पाठवले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. इंग्रजीतल्या मदत पानाच्या तळाशी लिहिलेला इशारा माझ्या दिरांपर्यंत कधीच पोहोचला नसता.

नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल ७ दिवसांत अपेक्षित आहे. उत्तर मराठीत आणि तक्रार वाचलेल्या माणसाच्या सहीने यावं. उत्तर न आल्यास किंवा पूर्वीसारखंच साचेबद्ध आल्यास मी पुढच्या ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपिलीय समितीकडे अपील करणार आहे. तोवर माझ्या सर्व जाहिराती मी थांबवल्या आहेत.

जाहिरातीचे आणि पेजच्या माहितीचे स्क्रीनशॉट, आपल्याकडून आलेली तिन्ही उत्तरं, दुसऱ्या फेरीच्या जाहिरातींचे दुवे आणि पोलीस तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक आणि जाहिरातदार
कोथरूड, पुणे