तिसऱ्या मजल्यावरच्या साउंडवाल्या काकांना

काका,

समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे पत्र. आणि मुद्दाम उघडं, कारण आमच्यासारखी घरं बरीच आहेत.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. कुकर वाफ धरायला लागला की हा गॅलरीत. मिक्सर लावायच्या आधी मला वर्दी द्यावी लागते. तपासणीत ऐकू येणं अगदी व्यवस्थित निघालं. ऑडिओलॉजिस्टनी 'हायपरॲक्युसिस' हा शब्द दिला, म्हणजे इतरांना साधे वाटणारे आवाजही सोसत नाहीत, आणि बजावलं, की घरात दिवसभर कान झाकून ठेवू नका, त्याने कान आणखी हळवे होतात. शब्द मिळाला, पण स्नेहसंमेलनात कोळीगीतावर नाचायचं होतं, त्याचं काय? आदल्या वर्षी तो स्टेजवर कानांत बोटं घालून उभा होता आणि आम्ही "लाजतो हो जरा" म्हणत वेळ मारून नेली होती. यंदाही नाच बसवणाऱ्यांकडे उत्तर एकच: आवाज कमी ठेवू.

तुम्ही लिफ्टमध्ये ऐकलंत आणि म्हणालात, "गाणं घेऊन ये. त्यालाही आण."

मला वाटलं, तुम्ही आवाज मोजायचं मीटर लावून आकडा सांगाल. तुम्ही नातीची गणिताची चौकटीची वही काढलीत, मागची पानं कोरी असलेली. एक चौकट म्हणजे पाच सेकंद. गाणं बारीक आवाजात लावलंत आणि पेन्सिल त्याच्या हातात दिलीत. "नुसतं मोठं वाटलं तर टिंब. टोचलं तर फुली. नको झालं तर हे बटण दाब, मला विचारायचं नाही." त्याने ते तीनदा दाबलं. तिसऱ्यांदा उगाच, खरंच थांबतं का ते बघायला. तुम्ही तिन्ही वेळा तेवढ्याच गंभीरपणे वाट बघितलीत.

माझी पैज ढोलावर होती. ढोलावर टिंबंसुद्धा चार-पाचच. फुल्या पडल्या सुरुवातीच्या शिट्टीवर, कडव्यांमधल्या झांजांवर आणि एका अशा जागी, जिथे काहीच वाजत नव्हतं. दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं दोन सेकंद गप्प होतात आणि मग एकदम कोसळतात. त्याची फुली त्या गप्प होण्यावर होती. "आता येणार ते माहितेय. कधी ते नाही माहीत," तो म्हणाला. तुम्ही हेडफोन काढून वहीकडे बघत बसलात. मग मला म्हणालात, हे मीटर सांगत नाही.

शिट्टी-झांजेचं कारण तुम्ही करंगळी दाखवून समजावलंत. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, आणि तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती आपणहून वाढवून आत पाठवते. सगळ्यांचीच. याला तो वाढलेला आवाज सोसत नाही, इतकंच. नुसता आवाज उतरवून का भागत नाही, तेही तेव्हा कळलं: शब्द ऐकू येईनासे होतात, मग कुणीतरी पुन्हा बटण चढवतं आणि झांज होती तिथेच येते.

मग तुम्ही कात्री चालवलीत. शिट्टी गेली. झांजांचा तेवढाच टोकदार भाग चार डेसिबलनी खाली आणलात. आणि त्या दोन सेकंदांत, मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, लाकडी टिपऱ्यांसारखे चार हलके ठोके घातलेत. एक, दोन, तीन, चार, आणि मग ढोल. आता त्याला 'कधी' ते कळत होतं. मी घाबरत विचारलं, गाण्याची वाट नाही ना लागणार? "नाटकाला प्रत्येक थिएटरात आवाज वेगळा लावतोच की आम्ही," एवढंच उत्तर. शिवाय तुम्ही सांगितलंत, की त्याला स्पीकरच्या तोंडासमोर उभा करू देऊ नका, मागची रांग मागून घ्या. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल तसेच उतरतात, फुकटात.

तो नाचला. दुसऱ्या कडव्यानंतर हात कानापर्यंत गेला, त्याचे ओठ हलले, चार मोजून झाले आणि हात खाली आला. पुढच्या वर्गाचं गाणं लागल्यावर मात्र तो बाहेर पळाला. ते गाणं कुणी तपासलेलं नव्हतं.

त्याच्याच वर्गातल्या एका मुलीच्या आईने वहीच्या पानाचा फोटो मागितला, तेव्हा तुम्ही अडवलंत. ही वही याची, तिची वेगळी निघेल. निघालीच. तिला झांजांचं काही नाही, पण खर्जातला धमधम आवाज पोटात जातो म्हणते. तिच्यासाठीही तुम्ही एक रविवार दिलात.

आता आमच्याकडे आरतीला झांजा हाच वाजवतो, आणि जोरात. स्वतःच्या हाताने वाजवलेलं टोचत नाही, म्हणतो. आणि घरात लागणाऱ्या प्रत्येक गाण्याचा वहीत निकाल लागतो. परवा तुमचं लाडकं नाट्यपद लावलं होतं. पहिल्याच तानेवर फुली, नंतर ओळीने सहा. ते पान तुम्ही मागून नेलंत आणि फ्रिजवर लावलंत, हे मला काकूंकडून कळलं.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची