तुऱ्याला कात्री लावण्याआधी खुराड्यातली ओल पाहा

संपादक महोदय,

कडाक्याची थंडी आली की कोंबड्यांचे तुरे छाटून टाकण्याचा सल्ला हमखास दिला जातो. तुराच नसेल तर तो गारठून काळा कुठून पडणार, हा त्यामागचा हिशेब. पण वयात आलेल्या नराचा तुरा ऐन थंडीत कापणे म्हणजे त्या पक्ष्याचे हाल आहेत. तुऱ्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. रक्त लवकर थांबत नाही आणि उघड्या जखमेवर इतर पक्षी चोची मारतात. छाटणीची रीत आहे ती एक दिवसाच्या पिल्लात, बाकदार कात्रीने. तेव्हा रक्त जेमतेम येते. तरीही उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकणारा अवयव आपण कायमचा घालवतो, हे विसरू नये. मोठ्या पक्ष्यात अगदीच वेळ आली, तर ते काम पशुवैद्यकाचे, तेही भूल देऊन.

तुरा गारठतो तो नुसत्या थंडीने नव्हे, ओलीने. श्वास आणि विष्ठा यांतून रात्रभर वाफ निघते. थंडीच्या धास्तीने पोती, प्लॅस्टिक लावून खुराडे गच्च बंद केले, की ती वाफ छताला आणि तुऱ्याला धरते. शून्याखाली पारा गेला, की उंच एकेरी तुऱ्याची टोके आधी जातात. म्हणून पडदे खालून बंद ठेवावेत आणि छताजवळ, बसण्याच्या दांड्यांच्या बऱ्याच वर, वीतभर फट दोन्ही बाजूंना उघडी ठेवावी. झोत अंगावर येता कामा नये. खुराड्याच्या जमिनीवर अंथरलेल्या गादीतला भुसा मुठीत दाबून पाहावा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे, मोकळा झाला तर ठीक. ओला भाग काढून कोरडा भुसा घालावा, रोज उकरावे. आत शिरताच नाकाला अमोनिया झोंबला, तर हवा अपुरी आहे हे नक्की. पाण्याचे भांडे अरुंद तोंडाचे असावे. पसरट भांड्यात चोचीखाली लोंबणारे मांसल कल्ले भिजतात आणि तेच गोठतात. तुऱ्याला लावलेल्या व्हॅसलीनवर फार भिस्त ठेवू नये.

तुरा पांढुरका, कडक दिसला तर चोळू नये. शेकोटीजवळही नेऊ नये, बधिर कातडी भाजते. कोमट पाण्यात भिजवलेले फडके हलक्या हाताने लावून कोरडे करावे आणि पक्षी परत गारठ्यात सोडू नये. पुढे काळे पडलेले टोक काही आठवड्यांत आपोआप गळते, ते खुडू नये. सूज, पाणी किंवा दुर्गंधी आली तर पशुवैद्यकाला दाखवावे. तुरा असा गारठलेल्या नराची प्रजननक्षमता काही काळ घटू शकते. त्या दिवसांत उबवणीची अंडी दुसऱ्या नराच्या कळपातून घ्यावीत.

एक कुक्कुटपालक