टाकी साफ करा, पण किक मारू नका

भांडुप, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "नवा पिस्टन बसला ना, मग आपल्या जुन्या येझदी मोटरसायकलचं इंजिन पाठव, चेसिसवर चढवून एक किक मारून बघू." ते एवढ्यात नको. का नको, हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. आई, तुझ्या "एवढे दिवस कशाला लागतात?" याचंही उत्तर यातच आहे.

येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाची क्रँककेस, म्हणजे पिस्टनखाली क्रँक फिरतो तो भाग, ही नुसती पेटी नाही, तो पंप आहे. पिस्टन वर गेला की कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोल खाली ओढलं जातं, पिस्टन खाली आला की तेच दाबून वर जातं. या पंपाला केसाएवढी फट राहिली तरी तिथून जास्तीची हवा आत शिरते, पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. मिश्रण कोरडं पडतं, पिस्टन तापून फुगतो आणि बहुतेकदा एक्झॉस्टच्या बाजूने ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरला, धरतो. नव्याने केलेला बोअर, म्हणजे पिस्टन फिरायचं भोक, पहिल्याच फेरीत ओरबाडला जातो.

फट बहुधा क्रँकच्या दोन टोकांच्या ऑइल सीलपाशी असते. येझदीला उजवीकडे ठिणगीचे पॉइंट, डावीकडे क्लच. उजवं सील गेलं तर थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही. डावं गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल पितं: पांढरा धूर हटत नाही, प्लग ओला होतो, आणि जमिनीवर थेंब न सांडता गिअर ऑइल कमी होत जातं. हा धूर बघून "रिंगा गेल्या" असं ठरवून चांगला बोअर पुन्हा करायला लावणारे पुष्कळ भेटतात.

तपासायची रीत अशी. आईचं जुनं घड्याळवालं बीपीचं यंत्र मी त्याचसाठी मागवलं होतं. जुना स्पार्क प्लग घ्यायचा, आतली चिनीमाती फोडून काढायची, त्या भोकात पितळी नळी झाळून बसवायची आणि त्यावर बीपीची रबरी नळी. एक्झॉस्टच्या दोन्ही तोंडांत रबरी बुच, कार्ब्युरेटरच्या जागी लोखंडी पट्टी आणि तिच्या खाली टायरच्या ट्यूबचा तुकडा. पिस्टन अगदी खाली आणायचा, म्हणजे वरचा सिलिंडर आणि खालची क्रँककेस एकमेकांना उघड्या होतात. मग फुगा दाबून काटा २८० वर न्यायचा. ३०० मिलिमीटर पारा म्हणजे टायरच्या हवेच्या मापात जवळजवळ ६ पीएसआय, त्याच्या वर जायचं नाही. सीलची ओठं उलटतात. निरोगी इंजिनात काटा ६ मिनिटं जवळजवळ हलत नाही. मिनिटाला एक पीएसआय, म्हणजे ५० मिलिमीटर उतरला, तर ते इंजिन चालवायच्या लायकीचं नाही.

आपला काटा तीन मिनिटांत २८० वरून ६० वर आला. ब्लॉकच्या बुडाला, हेडला, केसच्या जोडाला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. गिअरबॉक्सच्या तेल भरायच्या भोकावर साबणाचा पापुद्रा धरला तर तो हळूहळू फुगत गेला. म्हणजे डावं सील, तेही नवं कोरं! दोष सीलचा नाही. जुन्या सीलने इतकी वर्षं घासून क्रँकच्या लोखंडात चर पाडलाय, नख फिरवलं की अडकतं. आता सील एक मिलिमीटर बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ नव्या गुळगुळीत जागेवर चालेल. सीलं मात्र व्हायटनचीच, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची, इथे नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि वाळलं की तडकतं.

बाकी खालचं काम पक्कं झालंय. क्रँक लेथवर दोन सेंटरांत धरून मोजायचा डायल लावला, त्याचा वाकडेपणा ०.०५ मिमीच्या आत आणला. मेन बेअरिंगं सी-३ खुणेची, म्हणजे आतून जरा सैल, घेतली, कारण तापलेल्या केसमध्ये साधं बेअरिंग आवळलं जातं. बसवताना हातोडा नाही. केस १०० अंशांपर्यंत तापवायची, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र व्हायला हवा. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये. मग ते आपल्या वजनाने आत पडतं. आई, तुझ्या ओव्हनला हात लावलेला नाही, भंगारातला वेगळा आणलाय.

बोअर ६५ वरून पाव मिलिमीटर ओव्हरसाइज. बिडाचा ब्लॉक आणि चिखलात कमी वेगात पण जोर लावून चालवायचं, म्हणून पिस्टनला ०.०८ मिमी जागा सोडायला सांगितली. बोअरवाले एक गोष्ट हटकून विसरतात: पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या खिडक्यांच्या, कडा मोडणं. कापल्यावर कडा सुरीसारखी राहते आणि रिंग तिच्यात अडकून तुटते. मी त्या बारीक दगडाने स्वतः गोल केल्या. रिंग नुसती बोअरमध्ये सरळ ढकलून टोकांतली फट मोजली, ०.२८ आली. ठीक आहे.

आता मोटोक्रॉसचं, म्हणजे ही गाडी कच्च्या रानातल्या उड्यांच्या शर्यतीसारखी करायचं. बाबा, तुम्हाला वाटतं येझदीचा आणि त्या उड्यांचा काय संबंध. येझदी मूळची जावा, आणि जावाची चुलत बहीण चेझेट ही चेक गाडी. तिच्या टू-स्ट्रोकवर जोएल रोबेरने १९६४ मध्ये २५० सीसीचं आणि पाउल फ्रीडरिक्सने १९६६, ६७, ६८ अशी सलग तीन वर्षं ५०० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. चेझेटचं सुरुवातीचं एक इंजिनही दोन सायलेन्सरचंच होतं. पण त्या काळी मागच्या चाकाची उसळी जेमतेम १०० मिमी असायची. लांब उसळीचं युग १९७३ नंतरचं, हाकान अँडरसनने यामाहाच्या एकाच शॉकवर २५० चं विजेतेपद मिळवलं तेव्हापासूनचं. म्हणून शॉक पुढे सरकवून उसळी वाढवायचा मोह मी टाळणार आहे. तसं केलं की चेन एका ठिकाणी ताणते, एका ठिकाणी लोंबते, आणि जिथे नवा कान वेल्ड करू तिथून चेसिस तडकते. बदल एवढेच: पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी, म्हणजे मागचे अडीच-तीन दात वाढवल्यासारखं, रुंद हँडल, आणि मागे-वर दुमडणारे स्प्रिंगचे पायठे (पाय ठेवायच्या दांड्या), सरळ घट्ट पायठा पडताना पोटरीत घुसतो. सायलेन्सर कापायचे नाहीत. मूळचे सगळे भाग जपून ठेवा, रस्त्यावरच्या गाडीत असे फेरफार कायद्याला चालत नाहीत. ही गाडी आपल्या कातळावरच फिरेल.

तुमच्याकडचं काम. टाकी रिकामी करून, कॉक काढून, उघड्यावर ठेवा. पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत जवळ विजेचं काही नको. आतला गंज काढायला १० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड), हातमोजे घालून. आत ११ नट टाका आणि ११ च बाहेर आले का ते मोजा. एक रात्र ठेवा, अधूनमधून हलवा. बाहेरच्या रंगावर सांडलं तर लगेच धुवा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा खळबळून ताबडतोब वाळवा. कोकणातल्या पावसात पांढरं झालेलं लोखंड दहा मिनिटांत पुन्हा तांबूस होतं, म्हणून वाळल्या वाळल्या १०० मिली टू-टी तेल (पेट्रोलमध्ये मिसळतो ते) आत फिरवा.

चेसिस घासताना हँडलच्या मुळाजवळच्या चेसिस नंबरावर आधी चिकटपट्टी लावा. तो पुसला तर आरटीओत काहीही समजावता येणार नाही.

आई, तुझ्या कानाचं काम आहे. चाक उचलून फिरव आणि प्रत्येक आऱ्यावर छोटा पाना वाजव. घट्ट आरा टणटणीत बोलतो, ढिला भद्द. भद्द वाजतील त्यांना दोऱ्याची गाठ बांध, आवळू नका. चाक मी आल्यावर सरळ करीन.

आणि बाबा, तेल. पेट्रोलच्या लिटरला ४० मिली टू-टी, पंचवीसास एक. "थोडं जास्त घातलं तर बरं" हे डोक्यातून काढा. तेल वाढलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण कोरडंच होतं.

काटा ६ मिनिटं टिकला की त्याच दिवशी फोन करते. टाकीच्या कॉकचा आटा मोजून कळवा, वॉशर इथून आणते.

तुमची,
मनू