चिऊचं कार्ड

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर चिऊ माझ्याशी भांडली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. भांडायला ताकद लागते. पण मग तू बदलीचं सांगितलंस. पुढच्या महिन्यात बिहार सुटणार म्हणून तुम्ही दोघं खूश, आणि मी रात्रभर जागी. तिकडे छपऱ्यात पोराला पंधरा दिवसांच्या वर ताप आणि पोट फुगलेलं म्हटलं की आशाताईसुद्धा काळा आजार म्हणते. इकडे कोणाच्या डोक्यात येणार?

नेहाला सांग, मला तिचं फार कौतुक वाटतं. टायफॉइडची औषधं झाली, मलेरिया निगेटिव्ह आला, तरी ताप हटेना. पोरगी वाळत चाललेली, चेहरा पांढरा. आंघोळ घालताना डाव्या बरगडीखाली हाताला कडक लागलं आणि नेहा अडूनच बसली म्हणून ती काळ्या आजाराची, बोटावरच्या रक्ताची आरके-39 तपासणी झाली. पानथरी, म्हणजे प्लीहा, पाच बोटं वाढलेली म्हणजे थोडी नव्हे रे. उपचाराविना राहिलेला हा आजार जवळजवळ कोणालाच सोडत नाही. जाऊ दे, ते आता टळलंय.

एका सलाईनमध्ये आजार कसा जाईल, असं तू दोनदा विचारलंस. जातो. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन, किलोला 10 मिलिग्रॅम, एकदाच. चिऊ 16 किलोची, म्हणजे 160. (वजन त्याच दिवशी केलं होतं ना?) ते मिठाच्या पाण्यात चालत नाही, ग्लुकोजमधूनच देतात, आणि थंडी वाजते का, पाठ दुखते का, यावर लक्ष ठेवतात. आमच्या वेळी अँटिमनीची इंजेक्शनं महिनाभर रोज टोचायची, मुलं सिस्टरला बघूनच रडायची. पुढे बिहारमध्ये त्या औषधाला जंतू दादच देईनासे झाले. तेव्हा एका डोसला अर्धवट उपचार समजू नकोस. पानथरी मात्र लगेच बसत नाही, आठवडे, कधी महिने लागतात. तोवर पोटावर मार बसेल असे खेळ नकोत.

आमच्या लॅबमध्ये एका बांधकाम मजुराचा मुलगा आला होता. ताप, रक्तातल्या तिन्ही पेशी खाली, पानथरी बेंबीपर्यंत. सगळ्यांच्या मनात ब्लड कॅन्सर. सरांनी बापाला विचारलं, गाव कोणतं? तो म्हणाला, सिवान, म्हणजे तुमच्या बिहारमधलंच. सर काही न बोलता मायक्रोस्कोपवर बसले. मग मला बोलावलं. हाडाच्या मगजाच्या स्लाइडवर मोठ्या पेशींच्या पोटात एलडी बॉडी, म्हणजे काळ्या आजाराचे जंतू, भरलेल्या, प्रत्येकीत एक ठिपका आणि शेजारी बारीकशी काडी. बाबांना मी ते रात्री कागदावर काढून दाखवलं होतं, तू शेजारी बसून रंगवत होतास. तो मुलगा चालत घरी गेला. ते गाव विचारलं नसतं तर?

म्हणून म्हणते, इकडे आल्यावर चिऊला साधा ताप आला तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: हिला काळा आजार झाला होता. आणि कोणी पुन्हा आरके-39 करू म्हणालं तर सांग की ती बरं झाल्यावरही कित्येक वर्षं पॉझिटिव्ह राहू शकते. आजार उलटला का, हे त्यावरून ठरत नाही, त्याला मगज किंवा पानथरीतलं पाणी तपासावं लागतं. सहा महिन्यांनी आणि वर्षाने दाखवायचंच, ती कितीही उड्या मारत असली तरी. त्यानंतरही दोन-तीन वर्षं अंगावर नजर ठेवा. तोंडाभोवती, गालावर फिकट डाग उठले, खाजत नाहीत, दुखत नाहीत, म्हणून सोडून देऊ नका. कोणी कोड म्हणेल, कोणी कुष्ठरोग. या आजारानंतर तसे डाग येतात आणि त्यांना वेगळं, लांबलचक औषध लागतं.

लेक्चर झालं. बिहारला गेल्यापासून तू घर, नोकरी, आजारपण सगळं निभावलंस, तुला मी काय शिकवणार? वाटल्यास मधला भाग गाळून वाच. पण पहिलं वाक्य विसरू नकोस, काळा आजार झाला होता, बस्स.

सुमनआत्या विचारत होती, आपल्या मुलांना लागेल का. मी सांगितलं, शिवल्याने, खेळल्याने लागत नाही, वालुमाशी चावावी लागते. तिला पटलं की नाही कोण जाणे. लग्नाच्या घरात कोणी चिऊला लांब बसवलं तर मात्र मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवते.

निघेपर्यंत तिला संध्याकाळी गोठ्याकडे सोडू नका. वालुमाशी डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आवाजही करत नाही, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येते. बारीक जाळीची घ्या.

नेहाला आणि चिऊला आशीर्वाद.

तुझी आई

ता. क. दवाखान्याच्या कार्डावर औषधाचं नाव, डोस, तारीख आणि त्या दिवशीची पानथरी किती बोटं, हे सगळं आहे का बघ. नुसतं 'इंजेक्शन दिले' असं असेल तर निघण्याआधी परत जाऊन लिहून घे आणि फोटो मला पाठव.